पुन्हा सत्तेचाळीस

सोमवार, ७ एप्रिल १९८६

आजपासून रोजनिशी. रोज लिहिणार. फक्त माझ्यासाठी. उद्या कंपनीत कॉम्प्युटर खात्याचा मॅनेजर झालो की सुरुवात कुठून झाली हे माझ्याच लक्षात राहायचं नाही.

सुरुवात अशी. माझ्या बायकोचा, क्लेमेंटीनचा, भाऊ रुडॉल्फ कुवेतहून ईस्टरला आला होता. बाकी सगळ्यांना सेंट, साबण, टॉर्च. आम्हाला कॉम्प्युटर. चर्चमधल्या गायनाच्या पुस्तकाएवढा, काळा. टीव्हीला जोडायचा, प्रोग्राम टेपरेकॉर्डरच्या कॅसेटवर साठवायचा. आमच्या वसईत होळी बाजारापासून पाचूबंदरपर्यंत असं यंत्र कुणाच्याही घरात नाही. असलं तर मला माहीत नाही.

क्लेमेंटीन म्हणाली, यावर क्रोशाचा रुमाल घालून शोकेसमध्ये ठेवू. मी म्हटलं, मी शिकणार आहे. तिने विचारलं, व्हायोलिन शिकलात तसं की मधमाश्या पाळल्यात तसं.  व्हायोलिन खाऱ्या हवेने बिघडलं. मधमाश्या आपणहून गेल्या.

संध्याकाळी वसई रोडला जाऊन क्लासमध्ये नाव घातलं. इनेझ मिस शिकवतात. वय पंचवीस-सव्वीस. मी चव्वेचाळीस. म्हणजे वर्गात सर्वांत अनुभवी मीच.

बुधवार, ९ एप्रिल

पहिला धडा. मिस म्हणाल्या, प्रोग्राम केवढाही मोठा असो, त्याच्या पोटात तीनच गोष्टी. पहिली, ओळीने एकामागून एक काम. दुसरी, अट: असं असेल तर हे कर, नसेल तर ते कर. तिसरी, लूप: अट पुरी होईपर्यंत तेच काम पुन्हा पुन्हा. या तिघांच्या जोरावर काहीही बांधता येतं.

तीनच. मला वाटलं होतं शंभर तरी असतील. उगाच घाबरवून ठेवतात लोकांना.

संकल्प: तिन्ही गोष्टी रविवारपर्यंत संपवायच्या. पहाटे पाचला उठून अभ्यास.

शुक्रवार, ११ एप्रिल

पाचला उठलो नाही. गजर वाजला, पण त्याचा सूर चांगला नव्हता.

लूप मात्र घरी करून पाहिलं. क्लेमेंटीन चर्चमध्ये मिस्साच्या प्रार्थनेला गेली होती. दूध गॅसवर. मनात लूप लिहिलं: दूध उतू जात नाही तोपर्यंत बघत राहा. बघत राहिलो. उतू गेलं. लूप संपलं. एकदम बरोबर.

क्लेमेंटीन आली, शेगडी पाहिली. तिचं म्हणणं, उतू जायच्या आधी थांबायचं असतं. म्हणजे काम बरोबर झालं, फक्त अट चुकली. मिसना सांगितलं तर त्या म्हणाल्या, बहुतेक चुका तिथेच होतात. बहुतेक लोकांच्या चुका मी पहिल्याच आठवड्यात आटोपल्या.

सोमवार, १४ एप्रिल

आज मोठा दिवस. कॉम्प्युटरबरोबर आलेल्या पुस्तिकेत GOTO सापडला. प्रत्येक ओळीला नंबर असतो. तीनशे नंबरच्या ओळीवर आहात, कंटाळा आला, लिहायचं GOTO 50. की पोचलात पन्नासला. विचारणारं कुणी नाही. ज्याने हे बनवलं त्या माझ्याच स्वभावाच्या माणसाला मनात नमस्कार केला.

क्लासमध्ये उत्साहाने सांगितलं. मिसचा चेहरा आंबट. म्हणाल्या, माझ्या वर्गात GOTO चालणार नाही. प्रोग्राममधल्या प्रत्येक खोलीला आत जायचं एक दार आणि बाहेर यायचं एक दार. GOTO म्हणजे खिडकीतून उडी. चार-पाच उड्यांनंतर कोण कुठल्या खोलीत आहे हे कुणालाच कळत नाही, लिहिणाऱ्यालासुद्धा.

मी उभा राहून म्हणालो की आमच्या घराला तीन दारं आहेत आणि वारा उत्तम खेळतो. वर्ग हसला. मला आवडतात हे लोक.

मग त्यांनी GOSUB शिकवलं. एखाद्याला मध्येच कामाला पाठवायचं. त्याने काम करायचं आणि जिथून निघाला होता बरोबर तिथेच परत यायचं. मला हे जरा नोकरासारखं वाटलं. टिपून घेतलं नाही.

बुधवार, १६ एप्रिल

क्लेमेंटीनने संध्याकाळी होळी बाजारात नारळ आणायला पाठवलं. वाटेत बळीराम भेटला. त्याची वाडी आमच्या कुंपणाला लागून. त्याचा पंप पाणी ओढत नव्हता. पंप पाहिला, सल्ला दिला. मग त्याच्याबरोबर मिस्त्रीकडे. मिस्त्रीकडे फुटबॉलचा विषय निघाला. काळोख पडता पडता घरी आलो. हातात बळीरामने दिलेली वांगी.

क्लेमेंटीनने फक्त एवढंच विचारलं, नारळ.

आज क्लास बुडाला.

रविवार, २० एप्रिल

मिस्सा संपल्यावर फादरना गाठलं. अठरा मेला आमच्या चर्चचा सण. संध्याकाळी मांडवात हाउजी, म्हणजे पुकारलेले आकडे आपापल्या तिकिटावर कापत जायचा खेळ. सगळं गाव येतं, पाचूबंदरचे कोळी येतात, होळी बाजाराचे भाजीवाले येतात. मी म्हटलं, फादर, यंदा आकडे कॉम्प्युटर काढणार. फादर घुटमळले. म्हणाले, पण हाउजी सॅन्टन पुकारतो.

सॅन्टन म्हणजे माझे सासरे, मी त्यांना मामा म्हणतो. माझ्या लग्नाच्या आधीपासून तेच पुकारतात. कापडी पिशवी, त्यात लाकडी सोंगट्या, प्रत्येकीवर आकडा. सोंगटी काढायची, डोळ्यांजवळ धरायची आणि आकड्याला काहीतरी जोडून सांगायचं. एक: देव एक, बायको पण एक. नव्वद: म्हातारबा, काठी सांभाळा. लोक हसतात. यात वेळ फार जातो.

फादर म्हणाले, त्याची हरकत नसेल तर बघ. मी म्हटलं, त्यांचं माझ्यावर सोडा.

दुपारी सासऱ्यांकडेच जेवण होतं. विषय काढला. मामांनी तोंडाशी नेलेला घास परत ताटात ठेवला. विचारलं, मग मी काय करायचं. मी म्हटलं, मामा, तुम्ही आराम करा. समोर खुर्ची टाकून बसा. ते म्हणाले, बरं. त्यानंतर हात धुवेपर्यंत एक शब्द नाही.

आनंदाने माणसाची वाचा बसते, ती आज पाहिली.

मंगळवार, २२ एप्रिल

मामा सकाळीच येऊन सोंगट्यांची पिशवी आमच्या दाराच्या कडीला अडकवून गेले. चहालासुद्धा थांबले नाहीत. नवीन पिढीकडे सूत्रं सोपवायची तर अशी सोपवावीत.

क्लेमेंटीन माझ्याशी बोलत नाही. विषय माहीत नाही.

संध्याकाळी बर्था आत्या भेटल्या. मामांची धाकटी बहीण. गल्लीतच उभं करून म्हणाल्या, ॲन्सेल्म, बाबा, माझ्या भावाकडे आता राहिलंय काय. शेती मुलगा विकतो म्हणतो, दात डॉक्टरने काढले, आवाज तेवढा राहिला होता, तो तू काढलास. मी त्यांना प्रगती म्हणजे काय ते समजावलं. त्या मध्येच निघून गेल्या. ऊन फार आहे.

शुक्रवार, २५ एप्रिल

प्रोग्राम लिहायला घेतला. लाइन दहा म्हणजे सुरुवात. पुढे वीसला कॉम्प्युटर मागचं सगळं पुसतो आणि ताजातवाना होतो. लाइन शंभरला आकडा निवडतो. आकडा आधी येऊन गेला असेल तर GOTO 100, दुसरा निवड. नसेल तर टीव्हीवर दाखव. कुणी उठून क्लेम केला, म्हणजे बक्षीस मागितलं, की मी C दाबणार, मग GOTO 500. तिथे तिकीट तपासणी.

GOTO न वापरण्याचा संकल्प केला होता. सोमवारपासून पाळणार. सध्या घाई आहे.

मिस म्हणाल्या, कॉम्प्युटर आपल्या मनाने आकडे काढत नाही. त्याला सुरुवातीला एक आकडा द्यायचा असतो, त्यावरून तो पुढची रांग बनवतो. तोच आकडा दिलात तर तीच रांग. म्हणून घड्याळावरून द्या, म्हणजे दर वेळी वेगळा. मी मान हलवली. घरी येऊन लाइन दहावर १९ दिला. माझी जन्मतारीख. घड्याळावर माझा विश्वास नाही. आमचं भिंतीवरचं पुढे जातं.

सोमवार, २८ एप्रिल

चालला. खरंच चालला. बटण दाबलं आणि टीव्हीवर हाताच्या पंजाएवढा आकडा. ४७. मग ३, ६८, २१, ८०. खुर्चीतून उठून घरभर फिरलो. क्लेमेंटीनला हाक मारली. ती लसूण सोलत होती. लसूण सोलत राहिली.

बुधवार, ३० एप्रिल

पुन्हा सुरू केला. ४७, ३, ६८, २१, ८०. यंत्राला शिस्त आहे. मामांच्या पिशवीतून कधी काय निघेल त्याचा नेम नसायचा.

क्लेमेंटीन स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून बघत होती. बऱ्याच दिवसांनी बोलली. म्हणाली, हे परवाचेच आकडे आहेत. मी सांगितलं, सध्या सराव चालू आहे, म्हणून. सणाला वेगळे येतील. तिने माझ्याकडे पाहिलं, पिशवी कडीवरून काढली आणि आपल्या कपाटात ठेवली. धूळ बसते म्हणून असेल.

शुक्रवार, २ मे

प्रोग्राम कागदावर उतरवून मिसना दाखवला. त्यांनी पेन्सिलने वाट काढायला सुरुवात केली. शंभरवरून दोनशे दहा, तिथून एकशे चाळीस, तिथून पाचशे. पेन्सिल थांबली. विचारलं, तिकीट तपासून झाल्यावर इथून कुठे. मी म्हटलं, दहावर. त्यांनी विचारलं, दहावर का. म्हटलं, कारण सगळं तिथूनच सुरू होतं.

मिसनी पेन्सिल खाली ठेवली. मग शांतपणे म्हणाल्या, मिस्टर ॲन्सेल्म, हे पाडून पुन्हा बांधा. आकडा निवडणं ही एक खोली, दाखवणं दुसरी, क्लेम तिसरी. क्लेमला GOSUB ने पाठवा, म्हणजे तो निघाला तिथेच परत येईल. आणि सणाआधी प्रत्येक वाटेने एकदा तरी चालून बघा. क्लेमच्या वाटेनेसुद्धा.

हो म्हटलं. त्यांचं मन मोडवत नाही.

संकल्प: रविवारी पूर्ण प्रोग्राम नव्याने.

रविवार, ४ मे

उकाडा. बर्था आत्यांकडून आंबे आले, फक्त क्लेमेंटीनसाठी म्हणून. प्रोग्राम उद्या.

शुक्रवार, ९ मे

क्लासला गेलो नाही. सध्या वर्ग माझ्या मागे आहे, त्यांना गाठू द्यावं.

प्रोग्राममध्ये मोठी सुधारणा केली. आकड्याभोवती चांदण्यांची चौकट. सुरुवातीला WELCOME. त्यात चार संध्याकाळी गेल्या. नव्याने बांधायचं राहिलं. पण चालणाऱ्या गोष्टीला हात लावू नये असं माझं मत झालं आहे.

मंगळवार, १३ मे

चर्चच्या फाटकावर बोर्ड लागला: यंदा प्रथमच कॉम्प्युटराइज्ड हाउजी. माझं नाव नाही. सगळ्यांना माहीतच आहे.

ऑफिसात साहेबांच्या कानावर घातलं. आमची औषध कंपनी, मी डिस्पॅचला. साहेबांनी विचारलं, डिस्पॅचचं रजिस्टर पूर्ण झालं का. माणूस घाबरला आहे.

संध्याकाळी मामा रस्त्यात दिसले. हात केला. त्यांनीही केला. न्हाव्याकडे निघाले होते. म्हणाले, सणाला मांडवात पुढे बसायचं तर जरा नीट दिसायला हवं.

शनिवार, १७ मे

रंगीत तालीम. ४७. सगळं सुरळीत. क्लेमची वाट तपासायला कुणीतरी खोटा क्लेम करायला हवा होता. क्लेमेंटीन नाही म्हणाली. बळीरामला विचारलं, तो वाडीला पाणी लावत होता. मी मुख्य रस्ता पाहिला आहे. गल्लीबोळ कोण बघतो.

रविवार, १८ मे, दुपार

टीव्ही, कॉम्प्युटर, टेपरेकॉर्डर बळीरामच्या भाजीच्या हातगाडीवरून मांडवात नेले. इस्त्रीचा सफारी. बूट पॉलिश. क्लेमेंटीनने पिशवीत काहीतरी घेतलं. विचारलं तर म्हणाली, शाल. मे महिन्यात.

बाकी उद्या. उद्या लिहायला बरंच असणार.

सोमवार, १९ मे

रजा टाकली आहे. घसा बसला आहे.

काय झालं ते नीट, ओळीने लिहितो.

मांडव भरलेला. टीव्ही स्टेजवर उंच टेबलावर. शेजारी मी, हातात माइक. पुढच्या रांगेत मामा, पांढरा शर्ट, केस कापलेले, मांडीवर तिकीट, खिशाला पेन. त्यांच्या शेजारी क्लेमेंटीन आणि बर्था आत्या, दोघींच्या चेहऱ्यावर जरा मयताला आल्यासारखं. तिसऱ्या रांगेत इनेझ मिस. मी त्यांना हात केला.

WELCOME आलं. टाळ्या पडल्या. मग आकडे. मी पुकारत गेलो. सत्तेचाळीस. तीन. अडुसष्ट. एकवीस. ऐंशी. बारा. भराभर. लोक मान खाली घालून कापत होते. कुणी हसत नव्हतं, एवढी एकाग्रता.

दहा-बारा आकडे झाले नि बळीराम उभा राहिला. जल्दी पाच. पाच आकडे सर्वांत आधी त्याचे कापले गेले होते. मी C दाबलं, तिकीट तपासलं, बरोबर. बळीरामला छत्री मिळाली. टाळ्या. मी पुन्हा बटण दाबलं.

सत्तेचाळीस.

पुकारला. लोकांनी तिकिटं पाहिली. कुजबुज. तीन. अडुसष्ट. पाचूबंदरची कमळीबाई मासळीच्या लिलावात बोलते त्या आवाजात म्हणाली, आवो सायेब, ह्ये आकडे मघा पन आलते. मी माइकवरून सांगितलं की कॉम्प्युटर एकदा खात्री करून घेतो. एकवीस. ऐंशी. बारा. सगळे आकडे परत झाले, मग नवीन यायला लागले. पाहिलंत, म्हटलं.

वरची लाइन बर्था आत्यांनी क्लेम केली. C. तपासलं. स्टीलचा डबा दिला. बटण दाबलं.

मी पुकारायच्या आत मांडवातून कुणीतरी म्हणालं, सत्तेचाळीस. मी टीव्हीकडे पाहिलं. सत्तेचाळीस. मग अर्धा मांडव एका सुरात म्हणाला, तीन. टीव्हीवर तीन. अडुसष्ट, एकवीस, ऐंशी, बारा, प्रार्थनेच्या चालीवर. कॉम्प्युटर मागे आणि मांडव पुढे. मी माइक खाली ठेवला. तसाही माझा आवाज कुणाला ऐकू येत नव्हता.

त्यातच चर्चच्या कॉयरमध्ये खालच्या सुरात गाणाऱ्या बेसवाल्यांना खेळ समजला. क्लेम केला की गाडी पहिल्या स्टॉपवर जाते. एक जण उठला, मधली लाइन म्हणाला. खोटा क्लेम. पण मी C दाबून बसलो होतो. सत्तेचाळीस. टाळ्या. दुसरा उठला, खालची लाइन. तोही खोटा. सत्तेचाळीस. लोक डोळे पुसत होते. इतकं हसताना मी आमच्या गावाला लेन्टच्या उपासांनंतर पाहिलं नव्हतं.

फादर स्टेजवर आले, माझ्या कानाशी म्हणाले, ॲन्सेल्म, हे थांबतं का. मी म्हटलं, दोन मिनिटं, एक ओळ बदलतो. प्रोग्राम टीव्हीवर आणला, सगळ्या गावासमोर. इनेझ मिस उठून पुढे आल्या आणि खालूनच म्हणाल्या, पाचशे साठ नंबर बघा. तिथे GOTO 10 आहे. दहावर गेला की तो सगळं विसरतो आणि तुमच्या एकोणीसवरून पुन्हा तीच रांग काढतो. पाचशेला GOSUB ने पाठवा.

मला माहीत होतंच. पण चारचौघांत ऐकून लगेच करणं बरं दिसलं नसतं. मी GOTO 10 चं GOTO 20 केलं. त्यामुळे रांग पहिल्यापासून येणं बंद झालं. मात्र पुसायचं काम वीसवरच असल्याने आधी कुठले आकडे येऊन गेले ते विसरणं चालूच राहिलं. आता कापलेले आकडे मधूनच, कसेही, नव्यांच्या गर्दीत यायला लागले. कुठला नवा, कुठला जुना, काही पत्ता नाही. लोकांचं हसणं थांबलं. एक जण चिडून म्हणाला, मघाचं बरं होतं, निदान पाठ तरी होतं. मग मांडवाचे दिवे मंद झाले, टीव्हीवरचं चित्र आक्रसून पोस्टाच्या तिकिटाएवढं झालं आणि गेलं. हे विजेचं काम, माझं नाही. इथे नमूद करून ठेवतो.

फादरनी माइक घेतला. सगळे मामांकडे बघायला लागले. फादर म्हणाले, सॅन्टन, आता तूच ये. अख्ख्या तिकिटाचं फुल हाउस बाकी आहे. लोकांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली. क्लेमेंटीनने पिशवीतून ती शाल काढली. शाल नव्हती. सोंगट्यांची पिशवी होती.

मामा उठले नाहीत.

म्हणाले, फादर, मला नका उठवू. मी खेळतोय. माझा एकच आकडा राहिलाय.

 क्लेमेंटीन म्हणाली, पप्पा, सगळे तुमच्यासाठी थांबलेत. मामांनी तिकीट छातीशी धरलं. म्हणाले, बाय, तुझ्या जन्माआधीपासून मी दुसऱ्यांचं नशीब पुकारतोय. माझ्या हातात कधी तिकीट नव्हतं. पुकारणाऱ्याने खेळायचं नसतं. दर वर्षी वाटायचं, कुणीतरी म्हणेल, सॅन्टन, यंदा तू बस. कुणी म्हणायचं नाही. सगळे म्हणायचे, तुझ्याशिवाय मजा नाही. मग काय बोलणार. या ॲन्सेल्मनेच पहिल्यांदा म्हटलं, मामा, समोर खुर्ची टाकून बसा. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

बर्था आत्यांनी भावाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी सफारी ठीक केला.

शेवटी क्लेमेंटीन स्टेजवर चढली. येऊन गेलेल्या सोंगट्या आधी बाजूला काढायच्या होत्या. कुणाला विचारायची गरज पडली नाही. सत्तेचाळीसपासून पुढे सगळा मांडव एका सुरात सांगत गेला, शेवटचे विस्कटलेले आकडे तिकिटांवर बघून, आणि ती काढत गेली. मग तिने पिशवीत हात घातला, सोंगटी डोळ्यांजवळ धरली आणि वडिलांच्या आवाजात, अगदी त्याच लयीत म्हणाली, अठ्ठ्याऐंशी: दोन कलिंगडं, उचलेल तो दमेल. मला माहीत नव्हतं तिला हे येतं. इतकी वर्षं एका घरात राहून. लोक टाळ्या वाजवायला लागले. मामा खाली बघत होते. पेन उघडून तयार.

त्यांना आठ हवा होता. पाच निघाला. छप्पन्न निघाला. मामांचा गुडघा हलत होता. मी स्टेजवर टीव्हीच्या वायरी गुंडाळत होतो, पण खरं सांगायचं तर मीसुद्धा मनात आठ, आठ म्हणत होतो. चौतीस निघाला आणि मागून कमळीबाईचा आवाज आला, फुल हाउस. बक्षिसाचा प्रेशर कुकर पाचूबंदरला गेला.

मामांनी तिकिटाची घडी घातली, म्हणाले, गेला. आणि इतके हसले की बर्था आत्यांनी त्यांची पाठ चोळली. मग दुसऱ्या खेळासाठी दोन तिकिटं घेतली. एकही लागलं नाही. घरी जाताना गुणगुणत गेले.

थोडक्यात: प्रोजेक्ट यशस्वी. मामांना खेळायला बसवायचं हे माझं पहिल्यापासून ठरलेलं होतं, असं आता वाटतं.

बुधवार, २१ मे

क्लासला गेलो. मिसनी फळ्यावर माझा प्रोग्राम लिहून ठेवला होता, बाण काढून. सगळा वर्ग उतरवून घेत होता. मागे बसणारा एक जण म्हणाला, मला GOSUB आजच कळलं. मिस म्हणाल्या, असं उदाहरण पुस्तकात मिळत नाही. नाव घेतलं नाही, पण सगळे माझ्याकडेच बघत होते. मीही उतरवून घेतलं.

शुक्रवार, २३ मे

फादर घरी आले. मी टेबल पुसलं, पुढच्या वर्षीचा प्लॅन काढून ठेवला. फादर क्लेमेंटीनशी बोलायला आले होते. पुढच्या वर्षीपासून पुकारायचं तिनेच. ती हो म्हणाली. चहा मी केला. दूध उतू गेलं.

फादरनी जाताना विचारलं, कॉम्प्युटरचं काय करणार. मी म्हटलं, विचार चालू आहे. क्लेमेंटीन म्हणाली, वापरा तुम्ही, फक्त क्लास बुडवू नका. हे ती नीट बोलली. टोमणा नव्हता. मी दोनदा तपासून पाहिलं.

रविवार, १ जून

शेजारच्या गावच्या सणाला हाउजी होती. मामा सकाळीच येऊन म्हणाले, संध्याकाळी तयार राहा, मी तिकडे खेळायला जातोय, एकट्याला कंटाळा येतो. सासऱ्यांनी मला कुठे बरोबर नेण्याची ही पहिलीच वेळ. जमेल का बघतो म्हटलं. पाचलाच तयार होतो.

दोघं बाकावर शेजारी बसलो. मामांनी ओळखीच्या सगळ्यांना सांगितलं, हा माझा जावई, याने मला त्या माइकपासून सोडवलं. लोक हात मिळवत होते. मला दोन शब्द बोलावंसं वाटलं. उजवीकडे एक गृहस्थ होते, पोस्टात काम करणारे. त्यांना समजावून सांगायला घेतलं की प्रोग्राममध्ये तीनच गोष्टी असतात. ओळीने काम, अट आणि लूप. ते लक्ष देऊन ऐकत होते. लूपपर्यंत आलो तेव्हा मामांनी कोपर मारलं. माझ्या तिकिटाकडे बोट दाखवलं. वरच्या लाइनीतले पाचही आकडे येऊन गेले होते. मी कापलेच नव्हते.

उभा राहून लाइन म्हटलं. तोपर्यंत पुढचा आकडा पुकारून झाला होता. उशीर, चालणार नाही, असं स्टेजवरून सांगितलं. सगळा मांडव माझ्याकडे वळला. पोस्टातले गृहस्थ पलीकडच्या बाकावर जाऊन बसले.

मामा म्हणाले, ॲन्सेल्म, खाली बस. आता बोलू नको. आकडा ऐक आणि कापत जा.

बसलो. ऐकत गेलो, कापत गेलो. एकही लाइन आली नाही.